सूर्य मावळेपर्यंत

पिंपरीच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर एकच बाक होतं. सासूच्या पायाची पट्टी बदलून व्हायची वाट बघत पद्मा बसली होती. शेजारच्या म्हाताऱ्या बेने इस्रायली ज्यू नवराबायकोचं बोलणं ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर पडत होतं.

“एमुना ठेव, मिल्का. विश्वास ठेव.”

“आज शब्बाथ, कामाला हात लावायचा नाही. लेकाला धाडू नका म्हणत होते मी. साहेब सुट्टी बदलून देत होता एलीला.”

“अगं, कंपनीची सुट्टी गुरुवारी. एकट्यानं शनिवार मागायचा, म्हणजे चारचौघांच्या डोळ्यांवर...”

“आता प्रेसखाली बोटं चिरडली त्याची. दाखवा चारचौघांना!”

“चुकलंच माझं. पण एमुना...”

“तो शब्द काढू नका! मनात विश्वास धरून बोटं जुळतात होय?”

“मनातला नाहीच तो. आपल्या तोराच्या पोथीत पहिल्यांदा आलाय तो हातांसाठी. लढाई चालली होती; मोशेचे हात वर असेतोवर आपल्या लोकांची सरशी. ते वर धरलेले हात भरून आले, तेव्हा दोघांनी दोन बाजूंनी सावरले. सूर्य मावळेपर्यंत हात ढळले नाहीत. त्या न ढळण्याला म्हटलंय एमुना.”

“पोथी राहू द्या. बोलूच नका माझ्याशी.”

दार उघडून नर्स बाहेर आली.

“एलीचं कोण? बोटं शिवलीत, पण वाचतील का ते आताच सांगता येत नाही. हात खाली आला तर सूज चढेल. संध्याकाळपर्यंत कुणीतरी वर धरून बसा.”

म्हातारा धडपडत उठला. “मी धरतो.”

“एकट्याचे हात भरून येतील,” मिल्काबाईंनी पदर खोचला. “तुम्ही कोपराला धरा.”