हरणीचा चारा

आमी कैकाडी. माजा जलम तेरला नदीकाठी झाला, निरगुडीला निळा तुरा आला हुता तवा, असं आई सांगायची. साल इचाराल तर ते ठावं न्हाय. आमचं समदं तसंच बगा, निरगुडी फुलली की तेर, तुरीच्या काड्या निघाल्या की भूम, टोपल्या इणायच्या अन् फुडं चालायचं. जमीन आमची न्हवती, पर कुठल्या वढ्याला कवा टोपलीचे कवळे फोक येत्यात ते आमाला ठावं. मुळाला कोयता लावायचा न्हाय, सासूनं शिकवलेलं.

बहात्तरच्या दुष्काळात फोकच न्हवते. भूमकडं सोसायटीवाल्यांनी जनावरांची छावणी काढली हुती. आमची गाढवीण हरणी, पोटुशी हुती. काय सांगू तुमाला, माजी तिन्ही लेकरं तिच्या पाठीवर वाढली. छावणीचा कारकून म्हणला, बाई, हीर लांब हाय, गाढवावर पाणी आण, चारा देऊ. हरणीनं आठ दिस पाणी वाह्यलं. नवव्या दिशी भरल्या घागरी घिऊन गेले अन् चारा मागितला. तर म्हणतो कसा, गाव कंचं तुजं? म्या म्हणलं, आता भूम, निरगुडी फुलली की तेर. हसला. म्हणला, मंजी गावच न्हाय, अन् यादीत गाय, बैल, म्हैस हाय, गाढव जनावरात धरत न्हाईत. म्या म्हणलं, सायेब, पाणी वाहताना धरलं हुतं की. सोसायटीचा चेरमन तितंच खुर्चीवर पान खात बसलेला, म्हणला, हिला भायेर काढा, वास मारतीया. अन् मागं त्याच्या म्हशी कडबा खात न्हवत्या हो, तुडवत हुत्या, मुतत हुत्या त्याच्यावर.

मला शिसारी आली. राग न्हवं, शिसारी, नासलेलं तोंडात गेल्यावानी. म्या समद्या घागरी चेरमनच्या पायापशी उपड्या केल्या. ते तेवढं चुकलं माजं, पाण्यानं काय केलं हुतं?

येडशीच्या डोंगराकडं निघालो. वाटंत हरणी व्याली, पिल्लू मेलेलं. ती चाटत बसली, उठंना. आमचे मालक म्हणले, तिची ती उठंल तवा निघू. तिथंच पाल ठोकलं. तिसऱ्या दिशी उठली, मग निघालो. फुडं लई वर्सं जगली ती.

आता म्या लेकाजवळ पत्र्याच्या घरात ऱ्हाते. सोसायटीचं कुणी दारात आलं तर च्या देते, अन् मागल्या दारी जाऊन थुकते. म्हातारी झाले, पर ती किळस काय जाईना, जाऊ द्या. तुमी आलाव, बसून ऐकलंव. तुमच्या लेकराबाळांचे पाय चालते ऱ्हावोत.