नऊ वाजताची पिन

हॅलो?… हॅलो, शिवकन्या हाय का?… मी गंगम्मा. लातूरहून. दुसरी कोणती मोठी बहीण हाय तुला?

ऐक. तुझ्या गळ्याशप्पथ सांगते, आज जे सांगून राहिले त्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय… हसू नको. आधी पुरतं ऐकून घे.

शिसारी आली मला त्या डब्याची.

कोणता म्हणजे? दामिनीचा… हाव, माझी नात दामिनीच. तिचं इथलं ऑफिस बंद झालं न्हाई का? तवा तिथला काळा कॉम्प्युटर तिनं घरी आणला. बिल्ड सर्व्हर म्हणतात त्याला… करतो काय? अगं, चार पोरं चार गावांहून प्रोग्राम लिहितात, हा सगळ्यांचे तुकडे जोडून बघतो, चालतंय का न्हाई. चाललं तर हिरवं, न्हाई तर लाल.

आन् ते हिरवं-लाल डेटाबेसात जाऊन पडायला पाहिजे… डेटाबेस गं. नोंदवहीच समज, कॉम्प्युटरातली. ती नांदेडचा संघपाल सांभाळतो, हिच्या संगट कामाला हाय.

जोडायचं कसं? तिथंच तर ओकारी येती मला. पडद्यावर चौकोन काढायचे. एक चौकोन म्हणजे डबा, एक चौकोन म्हणजे नोंदवही, मधात आणखी पाच-सात चौकोन, आन् रेघांनी एकाला एक जोडायचे. झालं. ह्याला इंजिनियर लागतो म्हणं. मी म्हणले, बाई, एवढी रांगोळी तर मी रोज दारात काढते, मला कुणी साहेब फोन करत न्हाई.

ठेवला कुठं? देवघरात… हाव, देवघरात. इन्व्हर्टरची पिन तेवढी तिथंच लागती. लिंगपूजेला बसावं तर शेजारी घूंऽऽ चालू. त्याच्या फुंकरीनं विभूती उडून माझ्या नाकात. छी. आन् तापतो किती? त्याच्या मागं पापड वाळवले मी. दोन तासात कडक… खरं सांगून राहिले. पाठवीन तुला चार.

बरं, झालं काय ते ऐक. पुण्याच्या साहेबानं सांगितलं, रोज सकाळी नऊला डबा आपल्या आपण चालला पाहिजे आन् नोंद पडली पाहिजे. सोमवारी नोंद न्हाई. मंगळवारी न्हाई. दुपारी हातानं चालवून बघितलं की हिरवंगार. सकाळी नऊला कोरंच.

मग काय, भांडणं. संघपाल म्हणतो, तुमच्या डब्यातूनच काही निघत न्हाई. ही म्हणती, तुझी नोंदवहीच घेत न्हाई. चार दिवस दोघं चौकोन पुसून राहिले, रेघा ओढून राहिले. काल पोरगी ताटावरून उठली बघ. भाकर तशीच.

साहेब कामून गप बसंल? शुक्रवारी चारपर्यंत कारण कळलं पाहिजे म्हणला, न्हाई तर डबा घेऊन पुण्याला या… कायमचं गं. डब्यासंगट दामिनी पण. मग इथं मी कुणाशी बोलू, कुकरशी?

हाव, आज शुक्रवारच. साडेतीन झाले.

सापडलं ना कारण. आज सकाळी नऊला दामिनी देवघरात आली तर डब्याची पिन खाली पडलेली. बघ आता. एवढी शिकलेली माणसं, चार दिवस पडद्यात डोळे घालून बसली, एकानं बी वाकून पिन बघितली न्हाई. थू.

कुणी काढली?… मांजरानं. शेजारच्या महादेवप्पाचं ते पिवळं, लठ्ठ. मी ह्या डोळ्यांनी बघितलं. दोन्ही पंजे लावले, दात लावले, ओढली… मी काय बोलणार? लिंग हातावर होतं. पूजेत मी बोलत न्हाई, तुला ठावं हाय. डोळ्यांनी दाखवलं फक्त, मांजराकडं.

हाव, रोजच काढत आसंल… नऊलाच कामून? मांजराला वेळ कळत न्हाई का? दुधाला बरोबर येतं की.

काय?… परत बोल.

परत कुणी लावली म्हणजे?

…मांजरानंच… न्हाई म्हणजे, ओढता येती तर… बरं बाई, खुपसता येत न्हाई. मान्य.

शिवकन्ये, तू लहानपणापासून अशीच. गोष्ट पुरी करू देत न्हाईस.

हाव… हाव, दुपारी हिरवं यायचं म्हणजे पिन लावलेलीच आसंल. कळतंय मला… साहेब बी हेच विचारंल, हाव… ती मांजराचंच सांगणार हाय त्याला. चारला. तो हसंल तिला. म्हणंल, तुमच्या घरात काही नीट व्हायचं न्हाई, या इकडं…

अगं ऐक ना. ओरडू नको… नऊला मी पूजेला बसते. तुला ठावं हाय तर विचारून कामून राहिलीस?

अप्पांनी वेळ लावून दिली तवापासून नऊ. साठ वर्षं झाली. त्या घूं-घूंमधी शिवाचं नाव माझं मलाच ऐकू येईना. बसताना काढायची, उठताना लावायची. मला काय ठावं, तो मेला डबा बी नऊलाच बसतो?

आज कळलं. पिनीकडं बघताना पोरीचं तोंड बघितलं, तवा… तवाच सांगायचं होतं, हाव. लाजले. चार दिवस तिला रडवणारी मीच, हे कोणत्या तोंडानं सांगू?

उद्यापासून?… आठला बसते. शिवाला चालतंय. त्या डब्याला एक तास इकडचा तिकडं चालत न्हाई.

तुझा गळा?… दुखतोय का? न्हाई ना? मग.

थांब, आतून तिचा आवाज येऊन राहिला. फोन लावती वाटतं. ठेवते… पापडाचं खरं हाय गं. मांजर बी होतंच तिथं, खोटं न्हाई. पण झोपलेलं होतं. पंजे आन् दात तेवढे मी लावले.

दामिनी… ए बाई, तो फोन ठेव खाली. आधी इकडं ये.