वाघराची आरोळी

"आला रं, मागनं आला, हाणा!" लहानपणी ऐकलेली वडिलांची ही आरोळी अजून माझ्या कानात आहे. शेळ्यांवर वाघरू, म्हणजे बिबट्या, आला की ती ठोकायची. ऐकेल त्यानं वैर विसरून काठीसकट धावायचं, हा गुंजवणे गावाच्या वरच्या आमच्या वस्तीचा रिवाज.

परवा भर दुपारी तीच आरोळी गोठ्यामागून आली. मी धावलो, तर माझ्याआधी शेजारचा गणू काठी घेऊन हजर. माझ्या नातवानं, संज्यानं, त्याला चारच दिवसांमागं शाळेत बडवलं होतं, मोबाईलला हात लावला म्हणून. गणूचं नाक अजून सुजलेलं होतं.

संज्या गवताच्या गंजीला टेकून मोबाईलवर ओरडत होता.

"कुठंय वाघरू?" गणूनं विचारलं.

"कसलं वाघरू? गेम हाय ह्यो."

तोवर निम्मी वस्ती काठ्या-कुऱ्हाडी घेऊन जमली. आमची म्हातारी तर लाटणं घेऊन आली. गणूनं काठी उचलली तसा मी मधे पडायला निघालो. पण त्यानं ती खांद्यावर टाकली.

"येकटाच खेळतुयास व्हय रं?"

संज्यानं त्याच्या नाकाकडं पाहिलं. मोबाईल त्याच्या हातात दिला आणि शेळ्यांकडं निघून गेला.