भांडण सोडवणाऱ्या पेशी

रक्ततपासणीच्या रांगेत माझ्यापुढे बहीणभाऊ होते. तिची एक किडनी आता त्याच्या पोटात होती.

“ताई, डॉक्टरांनी गोळी बदलली.”

“का रे?”

“जुनी गोळी तुझ्या किडनीवर उठणाऱ्या पेशींना झोपवायची, पण भांडण सोडवणाऱ्या पेशीही पेंगायच्या.”

“अशाही असतात?”

“असतात म्हणे. नवी गोळी त्यांना हात लावत नाही. मग त्या बाकीच्यांना समजावतात, ‘परकी नाही रे ती, राहू दे.’”

“आई होती तोवर आपल्यात तीच हे करायची.”

“डोळे मिटले की तिचाच आवाज येतो. पोटातून.”

“काहीतरीच! काय म्हणते?”

“‘ताईशी भांडू नकोस.’”

तिने त्याच्या हातातली फाईल स्वतःकडे घेतली.

“आज रिपोर्ट बिघडला, तर परत जुनीच गोळी. त्या पेशी परत पेंगणार.”

“मग आईला सांग, ‘झोप आता खुशाल.’ मी नाही भांडत.”