बरगडीचा कान

—हाड नव्हे हो मावशी, कूर्चा. सगळे हीच चूक करतात, मीही करायची. बरगडीचं हाड पुढे छातीपाशी संपतं ना, तिथून मधल्या हाडापर्यंत एक पांढरा तुकडा असतो — दिसतो हाडासारखा, पण सुरीने कापता येतो. तोच काढणार आणि त्याचा कान कोरणार. हो, कान! माझ्या लेकीला उजवा कान नाही, जन्मापासून नाही. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही, शेंगदाण्याएवढी एक गाठ आहे पाळीच्या जागी. आत्ता आत नेलं ना, चष्म्याला रिबीन बांधलेली — तीच ती. दहा वर्षांची आहे. चष्म्याला एका बाजूला खुंटीच नाही, म्हणून रिबीन. आम्ही तिला बिट्टी म्हणतो. आणि तुमच्या यजमानांचा, काकांचा गुडघा का? मग कूर्चेचं तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं असेलच. नाही? ‘झीज झाली’ एवढंच? बसा मग, मी सांगते. मलाही बोललेलं बरं; गप्प बसलं की नजर त्या दारावरच्या लाल दिव्याकडे जाते. तो पेटला की भूल दिली असं समजा, सिस्टर म्हणाली. अजून पेटला नाही ना? नाही पेटला. बरं.

मी काही शिकलेली नाही त्यातलं, गैरसमज नको. हे सगळं बिट्टीने माझ्याकडून पाठ करून घेतलंय. तिने शाळेच्या वहीत सगळ्या शरीराचं चित्र काढलं, आणि जिथे जिथे कूर्चा तिथे तिथे निळा रंग. मी पोळ्या लाटत असायची आणि ही मागे उभी — ‘आई, नाकाचा शेंडा दाब. दबला? सोड. आला जागेवर? तीच.’ तीन जाती कूर्चेच्या. एक काचेसारखी, निळसर पांढरी, गुळगुळीत. ती काकांच्या गुडघ्यात, हाडांच्या टोकांवर, हाडावर हाड घासू नये म्हणून. बरगड्यांच्या टोकांना तीच, श्वासनळीच्या कड्यांना तीच — त्या कड्या नसत्या तर श्वास घेताना नळी चिकटून बसली असती. दुसरी दोरखंडासारखी, धाग्यांनी गच्च भरलेली. ती मणक्यांच्या मधल्या चकत्यांत, आणि गुडघ्यातही चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात त्यांच्यात. सगळा भार तिच्यावर. आणि तिसरी लवचिक, ती कानात. दुमडा, पिळा, ओढा, पुन्हा होती तशी. कानात आणि — आणि आणखी एक-दोन ठिकाणी.

गंमत म्हणजे तिच्यात रक्तच नाही. खरंच सांगते! एक रक्तवाहिनी नाही, दुखणं कळवणारी एक नस नाही. तिच्या पेशी एकेकट्या, फार तर दोघी-तिघी, बारीक बारीक खोल्यांत बसलेल्या, आणि भोवती नुसता घट्ट गर. बाहेरून झिरपेल तेवढ्यावर जगायचं. बिट्टी म्हणते, ‘आई, अगदी तुझ्यासारख्या, घरातून बाहेर म्हणून पडत नाहीत.’ बघा की, जीभ केवढी आहे! पण म्हणूनच काकांचं इतकी वर्षं दुखलं नाही, आणि दुखायला लागलं तेव्हा फार झिजून गेलं होतं. ती तक्रारही करत नाही आणि भरूनही येत नाही. चालल्याने दाबली जाते, सुटते, भांडी घासायच्या स्पंजासारखी, तेव्हा तिला खायला मिळतं. तेव्हा काकांना नुसतं बसवून ठेवू नका हं पुढे. डॉक्टर सांगतील तसं चालवा.

इथेच नेलं ना तिला, याच दारातून? दुसरं दार नाही ना आत जायला?

दहा वर्षं का थांबलो, हे सगळेच विचारतात. लहानपणी बरगडीत तेवढी कूर्चाच नसते हो. छाती साठ सेंटीमीटर भरायला हवी, असं कानवाल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग काय, शिवणाच्या टेपाने मी दर महिन्याला मोजायची. चौपन्न, साडेचौपन्न — वर्षभर साडेचौपन्नच! ही श्वास भरून छाती फुगवायची, मी म्हणायची, ‘सोड, लबाडी नको.’ साठ भरली त्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात नाचलो. मग डॉक्टरांनी तिच्या डाव्या कानावर पारदर्शक कागद ठेवून तो गिरवला, उलटा केला, आणि आमच्यासमोर साबणाच्या वडीत कोरून दाखवला. काय हात आहे त्यांचा! ती वडी तिने उशाशी ठेवलीय, वापरू देत नाही कुणाला. बरगडीची कूर्चा काचेसारख्या जातीची, कानाची लवचिक. म्हणजे नवा कान जरा ताठ राहणार, दुमडायचा नाही. तर म्हणते, ‘बरंच झालं, बाईंना पिळता येणार नाही.’ ऐकू त्याने येणार नाही, ते वेगळं. पण महिन्याभराने नवी शाळा आहे, तिथे तिला कुणी ओळखत नाही. रिबिनीशिवाय जायचंय तिला. एवढंच मागितलंय तिने सगळ्या जगाकडे.

आणि हे डॉक्टर सहा महिन्यांतून एकदा येतात, आठ दिवसांसाठी. आज शेवटचा दिवस. संध्याकाळी जातात ते. आजचं हुकलं की सहा महिने — आणि तेव्हाही नंबर लागेल की नाही कोण सांगणार? म्हणून तर मी — नाही, काही नाही.

हे? हे खाली औषधांच्या दुकानात गेलेत चिठ्ठी घेऊन. येतीलच. मनाने सरळ आहेत, पण नवस म्हटला की घर डोक्यावर घेतात. मी आहे नवस बोलणारी, मावशी, तुमच्यापासून काय लपवायचं. दोन वर्षं झाली, गोडाला शिवलेली नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. परवाच मला म्हणाले, ‘या वेळी तुझे नवस घरी ठेवून ये. पोर दवाखान्यात जातेय, देवळात नाही.’ मी हसले.

सकाळी? नाही, काही नाही खाल्लं तिने. कागदावर लिहिलंच होतं ना त्यांनी. भूल देणाऱ्या बाईंनीही विचारलं दारात, ‘पोट रिकामं ना?’ मी म्हटलं, ‘हो.’ बिट्टीने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग रिबीन ठीक करायला लागली.

चमचाभर दूध. काय मोजायचं त्यात? — अहो, तसं बघू नका माझ्याकडे. आधी ऐकून घ्या. ही पोटात होती ना, तेव्हा मी बोलले होते की चाळीस दिवस अनवाणी चालेन. आधीची दोन गेली होती माझी, म्हणून. आणि विसाव्या दिवशी टाच चिरली, पू झाला, सगळ्यांनी चप्पल घालायला लावली, आणि मी घातली. नंतर उरलेले वीस दिवस भरून काढीन म्हटलं, ते राहूनच गेलं. आणि ही जन्मली ती अर्धी — एका बाजूने पूर्ण, एका बाजूने — डॉक्टर म्हणतात, असं काही नसतं, पोटात सुरुवातीच्या आठवड्यांत कान घडतो, तिथेच काहीतरी राहतं, तुमचा काही दोष नाही. म्हणतात ते. दहा वर्षं तिचे केस मी विंचरलेत, मावशी. त्या बाजूने कंगवा फिरवताना रोज मोजलेत मी ते वीस दिवस. म्हणून या वेळी ठरवलं की तसूभर उणं ठेवायचं नाही. बोलले होते की कानाच्या दिवशी उठल्यावर तिच्या ओठांना पहिलं लागेल ते देवापुढचं दूध. तारीख नव्हती तेव्हा, भुलीचं डोक्यातही नव्हतं, बोलून गेले. मग काय करायचं? पुन्हा अर्धंच ठेवायचं?

वाटी होती. चमचा नाही, वाटी. मी ओठाला लावली, एक घोट म्हटलं होतं, पण कालपासून तहानलेली पोर, गटागट प्यायली सगळं. मी हात मागे घ्यायला हवा होता. नाही घेतला. तहान भागताना बघत बसले तिला. आणि मग म्हटलं, ‘हे आपलं दोघींचं हं, कुणाला सांगायचं नाही.’ साडेसहाला. आता नऊ वाजून गेले ना? म्हणजे अडीच तास, थोडे जास्तच. जिरलं असेल. नाही? तुम्हाला काय वाटतं? दूध हलकंच असतं की. फार तर मळमळेल, उलटी होईल. बसमध्ये होते तशी — तोंड पुसलं की झालं — नाही होत, ठाऊक आहे मला. मला ठाऊक आहे हो. म्हणून तर मघापासून बडबडतेय.

लवचिक जातीची आणखी कुठे असते ते मी सांगितलं नाही तुम्हाला. घशात. जिभेच्या मुळाशी एक पान असतं, झाकणासारखं, कानाच्याच कूर्चेचं. घास गिळला की ते श्वासनळीवर पडतं, घास मागच्या वाटेने जातो, झाकण परत उभं. ठसका लागतो तो श्वासाच्या वाटेच्या राखणीसाठी. ‘आई, माझ्याकडे कानाचं एक पान कमी आहे, पण घशातलं पक्कं आहे,’ म्हणाली, आणि आ करून दाखवत होती, दिसतंय का बघ म्हणून. दिसत कसलं! मी विचारलं, ‘झोपेत गं?’ तर म्हणे, ‘झोपेतही राखण चालूच. फक्त भुलीत नाही. भुलीत सगळं सैल पडतं, ठसकासुद्धा येत नाही, पोटातलं वर आलं तर सरळ श्वासनळीत, म्हणून पोट रिकामं लागतं — डॉक्टरांना विचारलंय मी.’ तिला माहीत होतं, मावशी! सकाळी वाटी तोंडाला लावली तेव्हा तिला माहीत होतं, आणि ती प्यायली, कारण आई पाजतेय. आणि दारात गप्प राहिली, कारण आईने सांगितलंय. आत्ताही आत गप्पच असेल. विचारलं तरी सांगणार नाही ती. मोठी पक्की आहे.

सहा महिने म्हणजे काय असतं? छाती बासष्ट होईल. रिबीन बांधून जाईल शाळेत, चिडवतील, रडेल, माझ्याशी बोलणार नाही आठ दिवस. हे तर — ह्यांचं मी ऐकून घेईन, जन्मभर ऐकून घेईन. आणि देव थांबेल हो. दहा वर्षं थांबलाय, मी उरलेले वीस दिवस कधी चालते ते बघत; त्याला कुठे गाडी गाठायचीय? त्याला पोर हवी असेल का माझी, वाटीभर दुधाच्या हिशेबात? तो माझा देव आहे, मी ओळखते त्याला. मीच —

नको, पाणी नको मला. माझा हात सोडा, मावशी. हे आले तर सांगा — नाही, तुम्ही काही सांगू नका, मी सांगेन. पाय घ्या जरा आत.

सिस्टर! सिस्टर, दार उघडा! मी आई, आत्ता नेलेल्या मुलीची, कानाच्या ऑपरेशनची. भूल देऊ नका तिला. पोट रिकामं नाहीये. दूध प्यायलीय, वाटीभर, साडेसहाला. मी पाजलंय. हो, मघाशी मी खोटं बोलले. तिला रागावू नका, तिला मीच गप्प राहायला सांगितलं होतं. मला काय बोलायचं ते बोला, मी इथेच उभी आहे, कुठे जात नाही — पण आधी आत जा हो. आधी आत जा.