पाच जणींच्या पोटावरचा धावदोरा

जबाब, दि. २२ फेब्रुवारी १९७७
सुमंगला चंद्रभान वाघमारे, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी (नर्स, सरकारी दवाखाना), रा. ढवळवाडी, ता. जि. परभणी.

मी समक्ष हजर राहून सांगते की, आज सकाळी साडेदहा वाजता कस्तुराबाई आश्रुबा खंदारे हिचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले. हेच ऑपरेशन चार महिन्यांपूर्वी शिबिरात झाल्याची तिची नोंद आहे. डॉ. पाठक यांनी जुन्या व्रणावरूनच छेद घेतला. कातडीखाली पूर्वी काहीही कापलेले नव्हते, दोन्ही नळ्या शाबूत होत्या. तसे त्यांनी लिहून दिले आहे. मी टेबलाजवळ होते, मीही पाहिले.

शिबिर १२ ऑक्टोबर १९७६ रोजी शाळेत झाले. मी तिथे नव्हते. १९ तारखेला टाके काढायला वीस बाया दवाखान्यात आल्या. पंधरा जणींचे टाके नेहमीचे, प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. पाच जणींना मात्र एकच दोरा धावत नेलेला होता, गोधडीला घालतात तसा. दोरा शिंप्याच्या रिळाचा, पांढरा. गाठ कापून ओढला की सगळा एकदम निघत होता. टाके काढताना बाया ओठ चावतात. या पाच जणी गप्पा मारत होत्या.

कस्तुराबाई तेव्हा हसून म्हणाली, "सिस्टर, माझी माय वाकळ शिवती तसं शिवलंय की वो."

मी शिबिरात मलमपट्टीला असलेले ड्रेसर दत्तराव यांना विचारले. ते म्हणाले, "नव्या डॉक्टरची नवी तऱ्हा हाय. तुमाला काय त्यांची परीक्षा घ्यायची हाय का?" मी पुढे विचारले नाही. रजिस्टरात पाचही नावांपुढे 'जखम उत्तम भरली' असे लिहिले. अक्षर माझे आहे.

त्या पाचांपैकी चांगुणाबाई नागनाथ कांबळे, वय २६, ही १७ फेब्रुवारीस आली. तिला तिसरा महिना आहे. "आप्रेशन झाल्यावर हे कुणाचं?" असे म्हणून नवऱ्याने तिला चुडाव्यास माहेरी सोडले व दोन्ही मुले ठेवून घेतली. ती मला म्हणाली, "बाई, टाके तुमीच काढलेत. आता तुमीच सांगा."

मी तिचा व्रण चिमटीत धरला. तो कातडीबरोबर नुसता सरकत होता, खाली कुठे चिकटलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर तिच्या घरचे मानणार नाहीत, आणि गरोदर बाईचे पोट उघडून पाहता येत नाही.

हे ऐकून कस्तुराबाई स्वतः आली. "मग माझं बघा की उघडून. एकाच हातानं शिवलंय दोघींचं. मला चार लेकरं हायेत, आप्रेशन तसंबी पायजेच."

आज वॉर्डात आणल्यावर तिने पहिले विचारले, "निघालं का काई?" मी 'आत कापलेले काहीच नाही' म्हटले. ती म्हणाली, "लय झाक."

दुपारी दत्तराव यांनी डॉक्टरांपुढे माझ्यादेखत सांगितले की, शिबिराचे पाहुणे डॉक्टर चारच्या गाडीने गेले, पाच बाया उरल्या, आणि वीसचा आकडा भरायचा होता, म्हणून त्यांची नुसती कातडी कापून त्यांनीच शिवली. बाकीच्या तिघींना तपासणीस निरोप गेला आहे.

जमादारांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले, ते मी सांगितल्याप्रमाणे आहे. रजिस्टरातले माझे वाक्य वगळायचे का, असे त्यांनी विचारले. मी ठेवायला सांगितले. उद्या सकाळी अकरा वाजता चांगुणाबाईचे पती नागनाथ यांना मुलांसह ठाण्यात बोलावले आहे, आणि हाच कागद त्यांच्यापुढे वाचला जाणार आहे. चांगुणाबाई आजच येऊन बाहेर बाकावर बसली आहे.