घोडीला बसू द्यायचं नाही

थोरल्या नातवाचं लग्न झालं, त्या उन्हाळ्यात जनावरांच्या दवाखान्यात माझ्यापुढे एक जोडपं औषधासाठी उभं होतं.

"अहो, मामंजी एकटेच घोडीला फिरवतायत. सकाळी गार होतं, आता ऊन बघा."

"अगं, आभाळ येतंय."

"सकाळपासून येतंय नि जातंय. टोपी तरी दिलीत का?"

"दिली. त्यांनी घोडीच्या डोक्यावर ठेवली."

"हसताय काय?"

"तिच्या पोटात कळ आहे. बसली, लोळली तर आतड्याला पीळ पडेल, म्हणून फिरवायचं. बाबा दमले की थांबतील."

"तुमचे बाबा? घोडीआधी?"

तो डॉक्टरांकडे वळला. मग म्हणाला, "डॉक्टर, जरा लवकर करा हो."

घोडी वाचली, असं पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं. म्हातारे त्याच दुपारी, ही दोघं घरी पोचण्याआधी वारले.